नागपुरात इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि पुढे पीएच.डी. : कोणतं काम कधी करायचं

निकाल लागले की दरवर्षी मला तेच तीन फोन येतात. पहिला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा : "सर, यादीत नाव लागलं, पण मायग्रेशनच नाही." (म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला नाही.) दुसरा नोकरी सांभाळून इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, शिकणाऱ्या एखाद्या ताईंचा : "इग्नूचं पहिलं वर्ष झालं, पण दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा नोंदणी करायची असते हे कुणी सांगितलंच नाही." तिसरा फोन उचलताना माझं मन खट्टू होतं : "एम.ए.ला ५४.८ टक्के आहेत, नेटला चालतील ना?"

नेटला, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, ते चालत नाहीत. ही तिन्ही मुलं हुशार असतात, अभ्यासूही असतात. फक्त जे काम जानेवारीत करायचं ते त्यांनी जुलैत केलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला एखादा 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

टप्पा १ : पदवी कशासाठी हवी, ते कागदावर लिहा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नव्वद टक्के मुलं तेच करत नाहीत. (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठल्या पाहणीचा नव्हे.) पदवी कशासाठी हवी त्यावर टक्क्यांची अट बदलते.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) लागते. १ जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट-सेट मात्र आहे. कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५० टक्के आणि सोबत बी.एड. हवं. पीएच.डी.साठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात. नुसती आवड म्हणून किंवा बढतीसाठी पदवी हवी असेल तर उत्तीर्ण झालात तरी पुरे.

अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना नेट आणि पीएच.डी. या दोन्हींसाठी ५० टक्के चालतात. आर्थिक दुर्बल घटकातली मुलं इथे हमखास फसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत त्यांना पाच टक्क्यांची सवलत आहे, पण नेटला ती मिळत नाही. नेटला ते खुल्या प्रवर्गासारखेच ५५ टक्क्यांवर मोजले जातात.

> सावधान : नेटच्या माहितीपत्रकात 'पूर्णांकन न करता' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ५४.९९ म्हणजे ५५ नव्हे. त्यामुळे तुमचं खरं लक्ष्य ५५ नाहीच, ६० आहे. वरचे पाच टक्के एखाद्या बिघडलेल्या पेपरसाठी हाताशी ठेवा.

टप्पा २ : आपण पात्र आहोत का, हे गुणपत्रिकेवर बोट ठेवून बघा

आपल्याकडे बी.ए.ला दोन वेगळ्या 'इंग्रजी' असतात : एक सगळ्यांना असलेलं आवश्यक इंग्रजी आणि दुसरं ऐच्छिक विषय म्हणून घेतलेलं इंग्रजी साहित्य. अर्जात 'पदवीला इंग्रजी साहित्य होतं का?' असा प्रश्न आला की आवश्यक इंग्रजीवाले बिनधास्त 'होय' लिहून मोकळे होतात. पडताळणीच्या वेळी अर्ज अडकतो. गुणपत्रिका काढा, विषयाचं छापलेलं नाव वाचा आणि तेच जसंच्या तसं लिहा.

बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनी प्रवेश-अधिसूचनेतला पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचावा. मित्राला गेल्या वर्षी प्रवेश मिळाला हा पुरावा धरू नका. इग्नूच्या इंग्रजी एम.ए.ला मात्र कोणत्याही शाखेची पदवी चालते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एम.ए. एका वर्षाचं, ४४ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) आहे. तीन वर्षांच्या पदवीवाल्यांना दोन वर्षं, ८८ श्रेयांक. अर्जात चुकीचा पर्याय निवडला तर तो निस्तरायला खेटे घालावे लागतात.

टप्पा ३ : रोज वर्गात की घरी बसून

नियमित एम.ए. करायचं तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा अमरावती रोडवरच्या परिसरातला पदव्युत्तर विभाग आहे. हिस्लॉप महाविद्यालय आणि जुनं मॉरिस कॉलेज, म्हणजे आताची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, इथेही सोय आहे. एकाच ठिकाणी अर्ज टाकून नवस बोलत बसू नका. दोन-तीन ठिकाणी टाका.

माझं स्पष्ट मत असं की प्राध्यापक व्हायचं असेल आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर वर्गातच बसा. कविता घरी एकट्याने वाचणं वेगळं आणि वीस जणांत तिच्यावर वाद घालणं वेगळं. पण रोज कामठी-हिंगण्याहून ये-जा करून वर्ग निम्मे बुडणार असतील तर दूरशिक्षण बरं. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे.

इग्नू घेणाऱ्यांनी गणित आधी समजून घ्यावं. एकूण ६४ श्रेयांक, किमान दोन वर्षं, कमाल चार. प्रत्येक विषयात स्वाध्यायाला (घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला) ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन. दोन्हींत वेगवेगळे शंभरपैकी ४० गुण मिळवून उत्तीर्ण व्हावं लागतं. आता हे बघा : परीक्षेत ४८ मिळाले आणि स्वाध्यायात ७५, तर एकत्रित ५६.१ होतात. परीक्षेत तेच ४८ आणि स्वाध्याय कुणाचा तरी उतरवून ५० मिळाले, तर ४८.६. म्हणजे नेटची दारं बंद. स्वाध्याय ही औपचारिकता समजणाऱ्यांचे पंचावन्न टक्के तिथेच जातात.

> तपासा : इग्नूत तीन कामं वेगवेगळी आहेत : स्वाध्याय जमा करणं, परीक्षेचा अर्ज भरणं आणि दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली नसली तरी पुनर्नोंदणी मुदतीतच करावी लागते. तिन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

दूरशिक्षणाची कोणतीही पदवी घेताना त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. आणि कुणी 'दूरशिक्षणाने पीएच.डी.' विकत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. ती चालत नाही.

टप्पा ४ : कागदपत्रं (सगळी पडझड इथे होते)

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

*नावाचा गोंधळ.* सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं पूर्ण नाव तर कुठे नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींच्या दहावीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. एका विद्यार्थिनीच्या नावात एका कागदावर 'व्ही' होता आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. त्या एका अक्षराने तिचे तीन आठवडे खाल्ले. दहावीची सनद, पदवीची गुणपत्रिका आणि आधार हे तीन कागद शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, कारण पुढची सगळी ऑनलाइन खाती आधारवरच उघडतात. सासरचं नाव ठेवायचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत लागेल.

*श्रेयांक खातं.* अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा १२ आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून काढता येतो. आधारचं काम झाल्यावरच तो काढा. उलट केलंत तर चुकीचं नाव तिथेही चिकटतं.

*मायग्रेशन.* २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे तिकडे गेले. नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया राहिले. तरीही चंद्रपूरच्या घराघरांत अजून 'आपलं नागपूर विद्यापीठच' असं बोललं जातं आणि मुलं मायग्रेशन काढतच नाहीत. तुमच्या गुणपत्रिकेवर गोंडवानाचं नाव असेल तर तुम्ही नागपूरसाठी बाहेरचेच. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम इथल्या मुलांनाही हेच लागू, त्यांची पदवी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची असते. पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला की त्याच आठवड्यात मायग्रेशनसाठी अर्ज करा. मूळ प्रत नव्या ठिकाणी जमा होते, म्हणून आधी स्कॅन करून ठेवा.

*जात, उत्पन्न आणि नॉन-क्रिमीलेअर.* जात प्रमाणपत्र आणि जात वैधता हे दोन स्वतंत्र कागद आहेत. वैधता पडताळणी समितीकडून येते आणि तिला महिनेही लागू शकतात. ती बारावीनंतरच काढून ठेवली असेल तर उत्तम, नसेल तर आज अर्ज करा. नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची शेवटची तारीख छापलेली असते, ३१ मार्चची. ती तारीख उलटून गेलेला कागद जुलैत दाखवला की ओबीसी मुलगा त्या क्षणी खुल्या प्रवर्गात जातो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असेल तर उत्पन्नाचा दाखलाही चालू वर्षाचा ठेवा आणि आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे ना, ते बँकेत जाऊन विचारा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, मग तुम्ही अर्जात दुसऱ्या कुठल्याही खात्याचा क्रमांक लिहा.

*खंड पडला असेल तर.* पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं घरी किंवा नोकरीत गेली असतील तर खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोकरीत असाल तर अनुभवाचं पत्रही जोडा.

> तपासा : मूळ कागदांची एक फाइल, झेरॉक्सचे तीन संच आणि मोबाइलमध्ये प्रत्येक कागदाची स्वतंत्र, वाचता येईल अशी पीडीएफ. 'डॉक्युमेंट१', 'डॉक्युमेंट२' अशी नावं देऊ नका, नाहीतर रात्री साडेअकराला घाईत उत्पन्नाच्या जागी रेशनकार्ड चढतं.

टप्पा ५ : अर्ज

इथे फार सांगण्यासारखं नाही. शेवटच्या दिवशी भरू नका. ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. शुल्काची पावती जपा. पहिल्या यादीत नाव नसेल तर दुसरीपर्यंत धीर धरा, आणि नाव लागलं तर दिलेल्या मुदतीतच प्रवेश पक्का करा. 'दुसऱ्या कॉलेजची यादी आली की बघतो' म्हणणाऱ्याची जागा पुढच्याला जाते.

टप्पा ६ : वर्ग सुरू होण्याआधीचे सहा आठवडे

प्रवेश झाला की मुलं गाइड विकत घेतात. थांबा. आणि स्पोकन इंग्लिशचा क्लासही लावू नका. अस्खलित बोलता येणं आणि साहित्य वाचता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि एम.ए.ला दुसरं लागतं.

पहिले दोन आठवडे इंग्रजी साहित्याचा कालपट स्वतः हाताने बनवा. मोठ्या पुठ्ठ्यावर आडवी रेघ ओढा आणि त्यावर खुणा करा : १०६६चा नॉर्मन विजय, १४००च्या सुमाराला चॉसरचा मृत्यू, १६१६ शेक्सपिअरचा मृत्यू, १६६० राजसत्तेचं पुनरागमन, १७८९ फ्रेंच राज्यक्रांती, १८३७ ते १९०१ व्हिक्टोरियाची कारकीर्द, मग दोन महायुद्धं. रेघेच्या खाली आपल्याकडचं लिहा : १८३५चा मेकॉलेचा शिक्षणविषयक मसुदा, १८५७, आणि १९२३, ज्या वर्षी नागपूर विद्यापीठ सुरू झालं. इंग्रजी आपल्याकडे शिकवली जाऊ लागली ती कधी आणि कुणाच्या सोयीसाठी, हे या पुठ्ठ्यावर दिसतं, आणि नेटच्या अभ्यासक्रमातला 'भारतातली इंग्रजी' हा घटक निम्मा इथेच समजतो.

पुढचे चार आठवडे मूळ संहिता वाचा : एक नाटक, एक कादंबरी, दहा कविता. कविता मोठ्याने वाचा, शेजारच्यांना काय वाटेल ते वाटू द्या. अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात शोधत बसलात तर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. पहिल्या वाचनात फक्त खूण करा, अर्थ दुसऱ्या वाचनात बघा. रोज वाचलेल्यावर दहा ओळी इंग्रजीत लिहा. व्याकरण चुकलं तरी चालेल, पण त्या ओळी तुमच्या असाव्यात. मराठी माध्यमातून आलेल्यांना ही दहा ओळींची सवय कोणत्याही क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडते. मी स्वतः मराठी शाळेतलाच, म्हणून खात्रीने सांगतो.

पुस्तकं नवीच हवीत असं नाही. सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत टिपांसह छापलेल्या आवृत्त्या स्वस्तात सापडतात. मात्र संक्षिप्त आवृत्ती हातात येणार नाही एवढं बघा.

टप्पा ७ : चार सत्रं आणि विसरलेला पाचवा हिस्सा

राज्यात २०२३-२४ पासूनच्या रचनेत एम.ए.चं प्रत्येक सत्र २२ श्रेयांकांचं आहे. त्यातले नेहमीचे पेपर सगळ्यांना दिसतात. न दिसणारे हे : पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४, दुसऱ्यात प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रप्रकल्प ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्प ४ आणि चौथ्यात ६. बेरीज १८. म्हणजे ८८ पैकी पाचव्या हिश्शाहून जास्त. मुलं या अठरांकडे 'ते होऊन जाईल' म्हणून बघतात आणि पेपरमध्ये एकेका गुणासाठी झगडतात.

कार्यानुभवाची जागा पहिल्या सत्रातच शोधा : शाळा, ग्रंथालय, भाषांतराचं काम, वर्तमानपत्राचा डेस्क. आधी विभागाला विचारा, मग त्या संस्थेचं संमतीपत्र घ्या. काम संपल्यावर सही-शिक्क्यासाठी धावपळ करणाऱ्यांना शिक्का मिळतो, पण नोंदवही कोरी असते. रोजच्या रोज चार ओळी लिहा.

संशोधन प्रकल्पाचा विषय लहान घ्या. 'भारतीय इंग्रजी कादंबरीतली स्त्री' हा विषय नाही, ते अख्खं कपाट आहे. 'वऱ्हाडी बोलीतल्या दोन कथा इंग्रजीत नेताना संबोधनांचं काय होतं' हा विषय. दोन कथा, एक प्रश्न, ठरलेली पानं. शिवाय तो पुण्या-मुंबईच्या मुलाला तुमच्याइतका सहज जमणार नाही.

> सावधान : पहिल्या दिवसापासून संदर्भ एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीनेच लिहा. तिच्या पुस्तिकेची सध्याची नववी आवृत्ती २०२१ची आहे. पुस्तक हातात असतानाच पान क्रमांक टिपा. ग्रंथालयाला परत केलेलं पुस्तक ऐन वेळी दुसऱ्याकडे असतं.

टप्पा ८ : नेट आणि सेट

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते. उत्तीर्ण झालात तर निकालापासून दोन वर्षांत आवश्यक टक्क्यांसह एम.ए. पूर्ण करायचं. तरीही 'आधी एम.ए. होऊ दे' म्हणून दोन-तीन संधी वाया घालवणारे दरवर्षी भेटतात.

एकूण तीन तास, ३०० गुण. पहिला पेपर सर्वसाधारण, ५० प्रश्न. दुसरा इंग्रजीचा, १०० प्रश्न. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला (जेआरएफला) वयाची अट आहे, सहायक प्राध्यापक पात्रतेला नाही. राज्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि नागपुरात तिचं केंद्र असतं.

इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. नाटक, कविता, कथात्म साहित्य यांवर मुलं दोन वर्षं घासतात. भाषाविज्ञान, सांस्कृतिक अभ्यास, दुसऱ्या महायुद्धानंतरचे साहित्य-सिद्धान्त आणि संशोधन पद्धती यांना शेवटच्या महिन्यात हात लावतात. क्रम उलटा करा. आणि पहिला पेपर सोपा समजू नका, कितीतरी जणांचं घोडं तिथेच अडतं.

टप्पा ९ : पीएच.डी.

२०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, पण ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे निकाल लागल्यावर मार्गदर्शक शोधायला बसलात तर वर्ष तिथेच सरतं.

मार्गदर्शक आधी शोधा, आणि त्यांना दोन गोष्टी संकोच न करता विचारा. जागा आहे का? प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. आणि निवृत्तीला किती वर्षं आहेत? तीनपेक्षा कमी असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. भेटायला जाताना दोन पानांचा आराखडा न्या. 'सर, तुम्हीच एखादा विषय द्या' असं म्हणालात की समोरचा माणूस मनातल्या मनात नकार देऊन टाकतो. त्याआधी शोधगंगा या संकेतस्थळावर तुमच्या विषयावर आधी कुणी प्रबंध लिहिला आहे का, ते बघा.

किमान १२ श्रेयांकांचं अभ्यासकार्य (कोर्सवर्क), किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची मुभा. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, ती मागायला लाजू नका.

पैशांची सोय नोंदणीच्या आधी बघा. राज्य सरकारच्या काही संस्था पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती देतात. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठीच्या महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी. जाहिरात निघाली की मुदत थोडीच असते, आणि तेव्हा पुन्हा टप्पा ४ मधली फाइलच कामी येते.

प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर बंदी, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. प्रत्येक प्रकरण झालं की तपासून घ्या, शेवटी सगळं एकदम नको. आणि 'तीन दिवसांत शोधनिबंध छापून देतो' असे संदेश व्हॉट्सॲपवर आले तर पैसे घरीच राहू द्या. २०२२च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम असेल तर तो नोंदणीच्या दिवशीच लेखी मागून घ्या, आणि त्या कागदाचीही पीडीएफ करून फाइलमध्ये ठेवा.